सर बदलले की शाळा बदलते का?

कराडजवळच्या एका गावातून एका आईनं विचारलंय, ते थोडक्यात असं. मुलगी तिसरीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत उड्या मारत जायची. जूनमध्ये चौथीत गेली. जुन्या बाईंची बदली झाली, नवे सर आले. गणपती झाल्यापासून दर सकाळी पोट दुखतं म्हणते. सर मारत नाहीत, उलट शिकवण्यात पक्के अशी त्यांची गावात ख्याती आहे. मग एका शिक्षकानं एवढा फरक पडतो, की पोरगीच हळवी आहे? आणि आम्ही आईबापांनी करायचं काय?

फरक पडतो. तुम्हाला वाटतोय त्याहून जास्त पडतो. मी जावळी आणि खटावकडे प्राथमिक शिक्षिका म्हणून नोकरी केली आणि शेवटची वर्षं केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारी, होते. केंद्रप्रमुखाची बरीचशी हयात माहिती गोळा करण्यात जाते, पण त्या पदाचा एक फायदा असतो. दुसऱ्याच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून निवांत बसता येतं. शिक्षकाला स्वतःचा वर्ग कधी मागून दिसत नाही. तिथं बसून मला दिसलं ते असं, की एकाच इमारतीत, एकच पुस्तक, एकच खिचडी, एकाच गावची पोरं, आणि तरी शेजारच्या दोन खोल्यांत दोन वेगळ्या शाळा चालू असतात. एका खोलीत पोरं बाकाच्या पुढच्या कडेवर बसलेली असतात. दुसरीत सगळी जरा मागे सरकलेली.

आता हा फरक कशानं पडतो, यावर लोकांचं ठरलेलं उत्तर असतं की शिक्षक प्रेमळ हवा. मला ते पटत नाही. कडक म्हणून नाव असलेल्या गुरुजींच्या वर्गाकडे पोरं पळत जाताना मी पाहिली आहेत. आणि 'बाळा, सोन्या' करणाऱ्या बाईंच्या वर्गात पोरांची वाचा बसलेली पाहिली आहे, कारण सोन्याचं 'मूर्खा' कधी होईल याचा नेम नसायचा. मुलाला गोडीपेक्षा नेम लागतो. मी चुकलो तर इथं माझं काय होणार, हे त्याला आधी कळायला हवं असतं. त्या एका प्रश्नाचं उत्तर त्याला दिवसातून पन्नास वेळा मिळतं, आणि त्यातून त्याची शाळा तयार होते.

एक प्रसंग जवळून दाखवते, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. वजाबाकी आहे, ५२ वजा २७. एक मुलगी फळ्यावर आली आणि उत्तर लिहिलं ३५. पहिल्या खोलीत काय होतं? 'चूक. बस खाली. कोण सांगतं?' सात हात वर होतात, नेहमीचा एक उठतो, २५ लिहितो, 'शाब्बास'. सगळं मिळून दहा सेकंद. शिक्षकानं मारलं नाही, ओरडला नाही, गणितही बरोबर करून घेतलं. तक्रारीला कुठंच जागा नाही. पण ती मुलगी जागेवर जाताना फळ्याकडे बघत नाही, खाली बघते. आणि आपलं ३५ का आलं, हे तिला अजून कळलेलं नसतं.

दुसऱ्या खोलीत बाई म्हणतात, 'थांब, पुसू नको. एककाच्या घरात तू काय केलंस ते सांग.' मुलगी गप्प. बाईही गप्प. हे गप्प राहणं फार अवघड असतं, करून बघा. मग मुलगी म्हणते, 'सातातनं दोन गेले, पाच.' आता बाईंना कळलं की पोरीला वजाबाकी येते, मोठ्या आकड्यातनं लहान आकडा काढायचा एवढा नियम तिनं स्वतःच्या मनानं बसवलाय, कारण तोवरच्या सगळ्या उदाहरणांत तसंच होतं. म्हणजे चूक आळसाची नाही, विचाराची आहे. बाई विचारतात, 'अजून कोणाचं ३५ आलंय?' चार हात वर, हळूहळू सहा. मग काड्यांचे गठ्ठे काढले, एक दशक सुटा केला, बारातनं सात गेले पाच राहिले, इकडे दशक चारच उरले, त्यातले दोन गेले. २५. याला गेली दहा मिनिटं. त्या दिवशी पाठ पुरा झाला नाही. पण सहा पोरांची तीच चूक दुरुस्त झाली आणि फळ्यावर आलेली मुलगी दुसऱ्या दिवशी परत हात वर करून आली.

तुमच्या मुलीचे सर पहिल्या खोलीतले असावेत, असा माझा अंदाज आहे. पोटदुखी बहुतेक वेळा मारानं सुरू होत नाही, 'बस खाली'नं होते.

वरच्या प्रसंगातल्या गप्प राहण्याबद्दल थोडं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण करून ऐकलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभर थांबतो, मग स्वतः उत्तर देतो, दुसऱ्याकडे वळतो किंवा प्रश्नच बदलतो, असं त्यांना आढळलं. तोच थांबा तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांब होतात, 'येत नाही' म्हणणं कमी होतं, आणि जी मुलं एरवी बोलत नाहीत ती बोलायला लागतात. आमच्या शिक्षण परिषदेत मी हे सांगितलं की गुरुजी लोक हसायचे. तीन सेकंदांत काय होतंय म्हणे. मग मी मोबाइलवर सेकंद मोजायला लावायची. तीन सेकंद संपेपर्यंत खुर्च्यांवर चुळबूळ सुरू व्हायची.

दुसरी गोष्ट, शिक्षकाच्या डोक्यातली यादी. दरवर्षी जूनमध्ये हजेरीपटाबरोबर एक बिनलेखी यादी हातोहात जाते: हा हुशार, ती बोलकी, हा ढ, त्याच्या घरचं वातावरण तसलं. कोणी वाईट हेतूनं देत नाही, नव्या माणसाला सोपं जावं म्हणून देतात. रोझेन्थाल आणि जेकबसन या दोघांनी १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत याचाच प्रयोग केला. साधारण पाचातलं एक मूल चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडलं आणि शिक्षकांना सांगितलं, ही मुलं यंदा उमलणार आहेत. वर्षअखेरीस त्या मुलांची, विशेषतः पहिली-दुसरीतल्यांची, बुद्धिमापन चाचणीतली वाढ इतरांपेक्षा जास्त निघाली. त्या प्रयोगावर पुढं पुष्कळ वाद झाले, परिणाम सांगितला तेवढा मोठा नाही असंही म्हटलं गेलं, आणि ते मला रास्त वाटतं. बुद्ध्यांकाचं राहू द्या. पण ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याच्याजवळ शिक्षक जास्त थांबतो, त्याला पुन्हा विचारतो, त्याच्याकडे बघून हसतो, एवढं मागच्या भिंतीला टेकून कोणालाही दिसतं.

आपल्या भागात या यादीला अजून एक धार आलीय. शिष्यवृत्ती, नवोदय विद्यालय आणि सातारची सैनिक शाळा यांच्या परीक्षा. ही सैनिक शाळा १९६१ची, देशातली पहिली, त्यामुळे आपल्याकडे तिचं आकर्षण जरा जास्तच. परीक्षांना माझा विरोध नाही, खटाव-माणसारख्या कोरडवाहू भागातल्या कितीतरी घरांना त्यातून वाट मिळाली आहे. पण चौथीपासून वर्गाचे दोन भाग पडतात, 'लागणारी' पोरं आणि उरलेली. लागणाऱ्यांना सकाळी जादा तास, सराव प्रश्नपत्रिका, सरांचं लक्ष. उरलेल्यांना 'तुम्ही पाढे लिहीत बसा.' गावाला निकालाच्या फ्लेक्सवरचे चार-सहा चेहरे दिसतात. फ्लेक्सवर नसलेल्यांचं वर्ष कसं गेलं हे त्यांच्या आयांनाच माहीत असतं. ज्या सरांची ख्याती तुम्ही सांगताय, ती या फ्लेक्सवरून झालेली आहे का, एवढं बघा.

लहानसहान वाटणाऱ्या अजून काही गोष्टी मुलं बारकाईनं टिपतात. हजेरी घेताना शिक्षक नुसता आकडा पुकारतो की नाव घेतो. आठवडाभर ताप येऊन गेल्यावर परत आलेल्या मुलाला 'आलास का? बरं वाटतंय?' कोणी विचारतं का. पाहुणे आले की चहा आणायला, वर्ग झाडायला दर वेळी तीच दोन-तीन मुलं का पाठवली जातात, आणि ती कुठल्या आळीची असतात. यातलं शेवटचं लिहिताना मी दबकत नाही, कारण साताऱ्याला ते दबकून चालत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झालं. आज ते प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखलं जातं आणि २०१७ पासून राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. बाबासाहेबांनी शाळेची आठवण लिहून ठेवली आहे. वर्गात वेगळं बसायला गोणपाट, ते रोज घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर नुसती शिक्षकांची परवानगी पुरत नसे, नळ सोडायला शिपाई हवा. शिपाई नसेल तर पाणी नाही. त्या मुलाला शाळेनं गणित-इंग्रजी शिकवलंच, पण त्याच्याबरोबर हेही शिकवलं. आणि त्याच गावात १९२४ साली भाऊराव पाटलांनी बोर्डिंग काढलं, तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवली. मधे फक्त चोवीस वर्षं. पोरांना शाळेत काय अनुभव येईल हे कोणीतरी मोठ्या माणसानं ठरवलेलं असतं, तेव्हाही आणि आताही.

भाषेचंही तसंच. सांगली जिल्ह्यात जतकडे कितीतरी घरांत कन्नड बोलतात. तिथं कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत, पण सगळी मुलं त्याच शाळांत जातात असं नाही. मराठी शाळेत आलेलं असं सहा वर्षांचं पोर दोन-तीन महिने काही बोलत नाही आणि हजेरीपटाबरोबरच्या त्या यादीत 'मंद' म्हणून चढतं. जतला काम केलेल्या माझ्या एका मैत्रिणीनं फार काही केलं नाही. रोज सकाळी दारात उभी राहून मुलांना 'ऊट आय्ता?' म्हणजे जेवण झालं का, एवढं विचारायची. तिचे उच्चार ऐकून पोरं खिदळायची आणि दुरुस्त करायची. बाईला पण येत नाही, बाई पण चुकते, आणि चुकली तरी हसते, हे एकदा दिसल्यावर पोरांची मराठी सुटायला वेळ लागला नाही. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आलेली पोरं आपल्या कारखान्यांच्या परिसरातल्या शाळांत मार्चपर्यंत बसतात, त्यांना तर बरेचदा नावही नसतं. 'ए टोळीवाल्या' म्हणून हाक मारतात. हंगाम संपला की गेली. त्यांच्या लेखी शाळा म्हणजे काय असेल, याचा विचार प्रत्येकानं आपापला करावा.

सरांच्या बाजूनंही दोन शब्द बोलायला हवेत, नाहीतर तुम्ही उद्या भांडायला जाल. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे तुमची शाळा द्विशिक्षकी असेल तर सरांपुढं तिसरी आणि चौथी एकाच खोलीत असणार. एका वर्गाला शिकवायचं तेव्हा दुसऱ्याला काहीतरी लिहायला द्यायचं. वर रोजच्या आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, 'आजच्या आज पाठवा' असे व्हॉट्सॲपवरचे आदेश. त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नये असं लिहिलंय, पण निवडणुकीच्या एका शब्दात मतदार याद्यांचं वर्षभराचं काम मावतं. अशा माणसाला ३५ वर दहा मिनिटं थांबणं परवडत नाही असं वाटतं. परवडतं, हे माझं मत आहे, पण त्याला तसं का वाटतं हे मी समजू शकते. आणि ही सवय स्वभावाची नसते, ती बदलते. बदललेली मी पाहिली आहे, तीही पन्नाशीतल्या गुरुजींची.

आता तुम्ही करायचं काय.

आधी डोळे तपासून घ्या. हसू नका. वर्ग बदलला, जागा बदलली, उंचीप्रमाणे मागे बसवलं आणि फळा दिसेना, यातून सुरू झालेल्या पोटदुख्या मी कितीतरी पाहिल्या आहेत. चौथीतलं मूल 'मला दिसत नाही' असं सांगत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं असा त्याचा समज असतो. रविवारीही पोट दुखत असेल तर डॉक्टर. फक्त शाळेच्या दिवशी दुखत असेल तर कोणत्या वारी जास्त दुखतं, त्या दिवशी पहिला तास कशाचा असतो, हे आठ-दहा दिवस वहीत लिहून ठेवा.

घरी आल्यावर 'आज काय शिकवलं?' विचारू नका, त्याला 'काय नाय' एवढंच उत्तर येतं. 'आज सरांनी कोणाला कोणाला उभं केलं?' 'आज कोण हसलं कोणाला?' 'तू कोणाजवळ बसलीस?' असं विचारा, तेही भाकरी थापताना, सहज. मुलं दुसऱ्याची गोष्ट म्हणून स्वतःची सांगतात. जुन्या बाई कशा चांगल्या होत्या हा विषय मात्र घरात बंद करा. तिला दोघांत निवड करायला लावली की नव्या सरांच्या वर्गात बसणं तिला अजूनच अवघड जातं. तिच्यादेखत सरांना नावं ठेवू नका, आणि लगेच शिकवणीही लावू नका. संध्याकाळी अजून एक वर्ग, अजून एक फळा, त्यानं सकाळची पोटदुखी थांबत नाही.

मग सरांना भेटा. फाटकात नको, परिपाठाच्या वेळी तर अजिबात नको, शाळा सुटल्यावर. नवराबायको दोघं गेलात तर उत्तम, पण सोबत गावातला पुढारी नेऊ नका. तक्रार मांडण्याऐवजी विचारा: 'सर, घरी ती सकाळी असं असं करते. तुम्हाला वर्गात कशी दिसते?' हा प्रश्न साधा वाटतो, पण यानंतर सरांना त्या मुलीकडे बघावंच लागतं. बहुतेक वेळा ते प्रामाणिकपणे सांगतात, 'शांत आहे हो, काही त्रास नाही.' तिथंच थांबा आणि म्हणा, 'पूर्वी ती शांत नव्हती.' चांगला शिक्षक या वाक्यावर चमकतो. पुढं एकच मागणी करा, आणि ती त्यांना जमेल अशी असू द्या: आठवड्यातून दोनदा तिला येणारंच काहीतरी विचारा, आणि चुकली तर खाली बसवण्याआधी 'कसं केलंस' एवढं विचारा. एका मुलीसाठी सुरू केलेली ही गोष्ट हळूहळू वर्गाची सवय होते. पन्नाशीतल्या ज्या गुरुजींचं मी वर सांगितलं, त्यांचं असंच झालं होतं.

सर अपमान करतात, टोमणे मारतात, वर्गासमोर घरच्यांवरून, जातीवरून, रंगावरून बोलतात असं कळलं, तर मात्र गोष्ट वेगळी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, आणि कलम २९ मध्ये मूल भीती, दडपण आणि चिंतेपासून मुक्त असलं पाहिजे असं स्पष्ट म्हटलंय. मग मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. त्यातल्या बायकांशी बोला, कारण अशी पोटदुखी एकाच घरात नसते. तिथं दाद लागली नाही तर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. मारहाणच असेल तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या नंबरावर फोन करायला कोणाची परवानगी लागत नाही.

शेवटी वेळेचं. सरांशी बोलणं झालं आणि त्यांनी मनावर घेतलं, तर तीन-चार आठवड्यांत सकाळचं चित्र बदलायला लागतं. एकदम नाही, आधी आठवड्यातला एखादा दिवस पोट दुखायचं विसरतं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबून बघा, पण सुट्टीतला फरक धरू नका, सुट्टीत सगळ्यांचीच पोटं बरी होतात. सुट्टीनंतरचा पहिला सोमवार बघा. त्या दिवशीही तेच झालं तर सरांना पुन्हा भेटा, आणि या वेळी वही सोबत न्या.